इर्जिक कोणाच्या वावराची

प्रज्ञाची माय,

पहिले वावराची बातमी सांगतो, कारण तू पहिले तेच विचारलं असतं. धानाचा रोवणा झाला. बोडीच्या पाण्याखालची बांधी झाली, बाभळीजवळची झाली, अन् जिच्या कडेच्या धुऱ्यावर तू बसली ते बसलीच, ती बी झाली. परहे पिवळे पडले नाहीत. रोपाची एक जुडी वाया गेली नाही. आता निवांत आयक.

दुसरी बातमी पोरीची. तू गेली तशी प्रज्ञा फिनलंडवरून धावत आली, अन् मंग म्हणाले लागली का मी आता वापस जात नाही. भंडाऱ्याले एखाद्या कॉलेजात नोकरी पाहतो, बाले दोन टाइम रांधून घालतो. तू असती तर पदर तोंडाले लावून म्हणली असती, "झालं ना अवो तुमच्या मनासारखं?" झालं ना. पोरगी देशात पाहिजे, हे मी किती वर्षांपासून बोंबलत होतो. पण तिनं ते तोंडानं म्हणलं अन् मी ताट सरकवून उठलो. मी तिले काय उत्तर दिलं ते सांगतोच, पण मले थेट सांगता येत नाही हे तुले माहीत आहे. मी धुऱ्याधुऱ्यानं फिरत फिरत येतो.

लिहाले तिनंच बसवलं. म्हणली, "बा, तुमी दिवसभर मायशी बोलून राहिले. चुलीशी बोलता, गाईशी बोलता. बिसनामावशी भेली. त्यापरीस लिहून काढा ना." मी चौथी शिकलेला माणूस. पुस्तकासारखं लिहाले गेलो तर वाटे का दुसराच कोणी रडून राहिला. म्हणून जसं बोलतो तसंच लिहितो. तुले वाचता येत नव्हतं, मी पेपर मोठ्यानं वाचायचो अन् तू तांदूळ निवडता निवडता बातमीशी भांडायची. हे बी मी चुलीजवळ बसून मोठ्यानं वाचणार आहे. मधात भांडाचं असन तर भांड.

प्रज्ञानं तिच्या फिनलंडच्या कामातल्या मशीनचा फोटो पहिल्यांदा दाखवला तो दिवस आठवते का? सुटीत आली होती. आपण तिघं ओसरीत. मोबाइलवर ते सोन्यासारखं चमकणारं काहीतरी टांगलेलं, वरतं मोठी थाळी, खालतं तिच्याहून लहान, तिच्याखालतं अजून लहान, अन् मधात नुसत्या तारा. मी म्हणणार होतो का हे झुंबर आहे. तू माह्याआधी बोलली, "बाई वो, ही उतरंड उलटी काहून टांगली?"

प्रज्ञा इतकी हासली का तिले ठसका लागला. मंग म्हणली, माय, हे भांडे नाहीत, हा फ्रीज होय. क्वांटम कॉम्प्युटर याच्या पार बुडाले असते, नखाएवढा. जसजसं खालतं जाल तसतसं थंड. चांदण्यांच्या मधात जी मोकळी जागा आहे ना, तिच्याहून बी थंड.

मी विचारलं, "म्हणजे बर्फ?"

"बा, बर्फ तर त्याच्यासाठी जळता इस्तू झाला."

"अन् करते काय एवढं थंड होऊन?"

"तसं काही कामाचं अजून नाही करत."

"मंग पगार कायचा देतेत तुले?"

तू मले चिमटा काढला होता. अजून दुखते.

मंग तिनं समजावून सांगतलं. आपल्या मोबाइलात आकडा असते तो एक तरी असते नाहीतर शून्य तरी. याच्यात तो दोन्ही मिळून असते, जोवर त्याच्याकडं कोणी पाहत नाही तोवर. जरासा धक्का लागला, जराशी ऊब लागली, कोणी डोकावलं, का मोडला. मले काही समजलं नाही, मी मान हालवत बसलो. तू मान हालवली नाही. तू विचार केला अन् म्हणली, "खुडूक कोंबडीवानी आहे. अंड्यावर बसली का तिच्याजवळ जाचं नाही. उठवून पाहाले गेलं का अंडे गेले." प्रज्ञा म्हणली, बरोबर तसं नाही माय, पण तिथले लोकं सांगतेत त्या साऱ्या गोष्टीपरीस हीच बरी.

तेव्हापासून तुझा नियम सुरू झाला. त्या मशीनवर प्रज्ञाची बारी असली का तिले फोन कराचा नाही. घंटी वाजली अन् कोंबडी उठली तर? तिनं सांगून पाहिलं का माय, मशीन तळघरात असते, मी तिसऱ्या माळ्यावर बसतो, फोनचा तिले काही फरक पडत नाही. तू म्हणली, "तुले काय माहीत, तू काय कोंबडी हायेस?" तिची बारी असली का तू मले बी जोरात शिंकू देत नव्हती. इथं आपल्या एकोडीत शिंकलो तर फिनलंडात अंडे फुटतीन! कोणाले सांगतलं तर पटणार नाही.

अन् ते दुपारचे फोन. फिनलंडात सकाळ, जपानमंधी दुपार कलली, अन् आपल्याकडं बरोबर जेवणाची वेळ. तिन्ही देश जागे असतेत अशी ती एकच वेळ, म्हणून प्रज्ञाच्या कामातल्या साऱ्या लोकांची बैठक तेव्हाच. बैठक सरली का प्रज्ञा आपल्याले फोन लावे, अन् कधी कधी ते लोकं बी तिथंच बसून राहत. तू फोन पाण्याच्या लोट्याले टेकवून ठेवे अन् त्या लोकांसमोर बसून जेवे. मी म्हणे, लाज वाटत नाही का. तू म्हणे, "तेच पाहून राहिले, मी काय करू? त्यांची बैठक आपल्या जेवणाच्या मधात येते तर."

तो मिक्को, मशीनवाला, लंबा, पांढुरक्या भुवयांचा. अन् हारुका, जपानची, जी तो नखाएवढा तुकडा बनवते. हिशोबाचं काम पुण्याचे पोरं करत. अन् आपली प्रज्ञा मशीनजवळ बसून तो तुकडा चालते का मरते ते पाहे. एवढे देश एका नखाएवढ्या तुकड्यासाठी. तुले ते एकदमच समजलं. म्हणली, "ही तर इर्जिक होय."

आपली पहिली इर्जिक मले आठवते. लग्नाचं पहिलं साल, आपल्याकडं बैल नाही, नांगर नाही. गावातले लोकं आपापले बैल घेऊन आपल्या वावरात उतरले, एका दिवसात सारं वावर फाडून दिलं. मजुरी नाही, फक्त जेवण. तू नवी, भेलेली, भाजीत दोनदा मीठ टाकलं. कोणी बोललं नाही. सारे गपचूप खाऊन उठले, अन् पाण्याचा रांजण रिकामा झाला तेव्हा तुले समजलं. मंग आपण साऱ्यांच्या वावरात गेलो. बैल नव्हते तर हात नेले.

म्हणून तू म्हणे, "ज्याच्याकडं मशीन हाय तो मशीन आणते, जिच्याकडं कला हाय ती कला आणते, आपल्याकडं पोरगी हाय."

अन् मी म्हणे, इर्जिक असन तर वावर कोणाचं ते सांग. इर्जिक एकाच्या वावरात असते, मंग दुसऱ्याच्या. इथं तर साऱ्या बारी त्यांच्याच बांधीत. मशीन त्यांच्याकडं, इमारत त्यांच्याकडं, नाव त्यांचं. आपली पोरगी आपल्या सरकारी शाळेत शिकली, आपल्या शिष्यवृत्तीवर नागपूरले गेली, अन् पीक कोण कापणार? ते येतीन का आपल्या वावरात?

"येतीन," तू म्हणे.

"केव्हा?"

"येतीन म्हणलं ना."

हे भांडण आपण किती चालवलं. भात वाढता वाढता, परहे उपटता उपटता, साकोलीच्या बाजारात भाव करता करता बी. बाजारवाली विचारे, कोणाची बारी, कोणतं वावर? तू म्हणे, "काही नाही वो, हे फिनलंडचं चालू हाय."

मी एकदा प्रज्ञालेच विचारलं, खरं सांग, वावर कोणाचं? मले वाटलं ती टाळन. ती म्हणली, "बा, आमचं बी त्याच्यावरूनच भांडण चालू राहते. कोणाचं नाव पहिले लिहाचं, शोध लागला तर कोणत्या देशाचा. मिक्को अन् मी दोन दिवस बोललो नव्हतो." तेव्हा मले बरं वाटलं. म्हणजे पोरगी तिथं मुकी बसलेली नाही.

मंग तो पुर्जा अटकला. पुण्याच्या पोरांनी बी एक लहान मशीन उभी केली होती, तिच्यासाठी फिनलंडवरून एक पुर्जा येणार होता. तिथल्या सरकारनं म्हणलं, ही चीज देशाबाहेर जाणार नाही. पोरं बसले वाट पाहत. मी त्या दिवशी तुले म्हणलं, "पाहिलं? धुरा बांधला त्यानं. तलावाचं पाणी वरच्यानं अडवलं का खालच्याची बांधी कोरडी. हेच असते." तू उखळाजवळ जाऊन बसली अन् मिरच्या अशा कुटल्या का साऱ्या मोहल्ल्याले शिंका आल्या. बरं झालं, त्या दिवशी पोरीची बारी नव्हती.

पण तू गप्प राहणारी नव्हती. पुढच्या दुपारी फोन लोट्याले टेकवला, मिक्को दिसला, अन् तू सरळ त्यालेच विचारलं. प्रज्ञा म्हणे, माय, असं नसते विचारत. तू म्हणली, तू नुसतं त्याच्या भाषेत सांग, शानपत करू नको. अन् विचारलं, "आमची पोरगी तुमच्या वावरात येऊन राहिली. तुमी आमच्या वावरात कधी येसान?"

तो माणूस बोलाच्या आधी इतका थांबते का मले वाटलं फोन अटकला. मी लोट्याले हालवून पाहिलं. मंग तो बोलला. प्रज्ञानं आपल्याले सांगतलं, तिचाही आवाज बदलला होता. तो म्हणला, त्या पुर्ज्याची आमाले बी लाज वाटते, ते सरकारचं आहे, आमचं नाही. अन् विचारून राहिला का तुमचा रोवणा कोणत्या महिन्यात असते?

तू माह्याकडं पाहिलं. असं पाहिलं जसं का निवडणूक जिंकली.

मी म्हणलं, बोलाले काय जाते. पण तुले एक सांगतलं नाही, ते आता सांगतो. मी त्या दिवशी मनात म्हणलो का माणूस बरा आहे. हे तोंडानं म्हणलो असतो तर तुझा दिवस चांगला गेला असता. पण मंग भांडाले काय उरलं असतं आपल्याजवळ?

अन् त्या मशीनचं एक काम तेवढं मले बी पटलं होतं. प्रज्ञा म्हणली होती, युरिया बनवाले जगभरात गंज जाळ लागते, कारखानेच्या कारखाने तापतेत. झाडाच्या मुळातले किडे तेच काम थंड मातीत करतेत. कसं करतेत, ते मोठ्या मोठ्या कॉम्प्युटरले बी पुरतं मांडता येत नाही. हे मशीन पुढं जाऊन मांडू शकन. "शकन म्हणलं बा, मांडलं नाही." केव्हा, विचारलं तर म्हणली, तुमच्या हयातीत कदाचित नाही, माह्या हयातीत बी सांगता येत नाही. तू तेवढंच धरलं. "म्हणजे धानाचंच काम होय ना? मंग वावर कोणाचं म्हणून काय विचारता? धान तर साऱ्यांचाच." मी म्हणलं, जपान्यांचा भात चिकट असते. तू म्हणली, "मंग त्यांच्या युरियात पाणी जास्त पडलं असन."

आता त्या दिवसाचं. फार नाही लिहीत. तू परह्याच्या जुड्या टाकून आली, धुऱ्यावर बसली, म्हणली छातीत भरून आलं, पाणी द्या. मी पाणी आणेतोवर तुझ्या बाजूनं रोवणाऱ्या बिसनाबाईनं तुले मांडीवर घेतलं होतं. ऑटोत घातलं, साकोलीच्या दवाखान्यात नेलं, पण तू रस्त्यातच गेली होती. डॉक्टर पोरगी होती, प्रज्ञाच्या वयाची. तिनं माह्या खांद्यावर हात ठेवला. तुले त्रास झाला नाही याचंच समाधान मले धरून बसाचं आहे, अन् मी धरलं आहे. चिखलात पाय होते तुझे. कामात गेली. बाजेवर पडून, दुसऱ्याच्या हातानं पाणी पीत राहणं तुले जमलं नसतं, अन् तुले सांभाळणं मले बी जमलं नसतं. तू शिव्या दिल्या असत्या.

दवाखान्याच्या बाहेर मी फोन हातात घेऊन उभा होतो. नंबर काढला होता. दाबला नाही. बिसनाबाई म्हणली, "भाऊजी, काय पाहून राहिले? पोरीले सांगा ना!"

मी म्हणलं, "तिची बारी चालू हाय."

"कायची बारी?"

"मशीनची. तिच्या मायनं फोन नाही कराचं सांगतलं हाय."

बिसनाबाईनं माह्या हातातून फोन ओढला. तिले वाटलं म्हातारा गेला कामातून. पण मी काही येडा झालो नव्हतो. तू जाऊन घंटा झाला नव्हता अन् तुझा नियम मोडाचा, हे माह्याच्यानं होत नव्हतं, एवढंच.

प्रज्ञा आली. विहारात वंदना झाली, पुण्यानुमोदन झालं, नातेवाईक आले अन् गेले. तुझा भाऊ जाता जाता म्हणला, पोरीले आता ठेवून घ्या, बुढ्या माणसाले कोण आहे. पोरगी खाली पाहून म्हणली, "मी राहतोच हाय, मामा." तवाच पहिल्यांदा म्हणली.

अन् इकडं बांध्या तशाच. चिखल करून ठेवलेला, परहे वाढून राहिलेले, पाऊस आहे तर रोवाचं, नाहीतर गेलं. मी मजूर पाहाले निघालो तर दारातच बिसनाबाई, तिच्यामागं साऱ्या रोवणाऱ्या बाया, डोक्यावर पॉलिथीन. मले म्हणली, "तुमी बसा. कोणाले विचारू नका, कोणाले पैसे देऊ नका." बाकीच्या बाया तशाच पुढं गेल्या, बांधीत उतरल्या. तुले माहीत आहे आपल्याकडं, रोवण्यात माणूस गेलं का गाव त्याचं वावर पडीक राहू देत नाही. मले बी माहीत होतं. पण आपण आजवर दुसऱ्याच्याच घरी गेलो होतो, आपल्या घरी ते कधी आलं नव्हतं.

प्रज्ञानं सलवार खोचली अन् रांगेत गेली. तेव्हा मी पाहिलं का बिसनाबाईच्या बाजूची जागा मोकळी आहे. तुझी जागा. कोणी कोणाले सांगतलं नव्हतं, पण तिथं कोणी उभं राहिलं नाही. रांग मागं सरके, तसा त्या मोकळ्या पट्ट्यात एकीकडून बिसनाबाई हात लांबवून रोवे अन् दुसरीकडून प्रज्ञा. पट्टा भरला, पण वाकडा. हिरव्या नाल्यासारखा वळत गेला आहे. अजून दिसते. मी सरळ करू दिला नाही.

दुपारी बाया धुऱ्यावर बसल्या. प्रज्ञा फोन पाहत होती अन् डोळे पुसत होती. मले वाटलं तुझी आठवण. जवळ गेलो, म्हणलं काय झालं.

"बा, माह्या बारीचं काम त्यांनी बंद नाही पडू दिलं."

"कोणी?"

"साऱ्यांनीच. मशीन एकदा थंड केली का सोडता येत नाही, पुन्हा थंड कराले गंज दिवस जातेत. माही बारी गेली असती. तर त्यांनी वाटून घेतली. हारुका तिच्या सकाळपासून कॉम्प्युटरवरून पाहून राहिली, ती थकली का पुण्याचे पोरं, ते उठले का मिक्को. प्रत्येकाचं आपलं काम सोडून."

"नाव कोणाचं लिहितीन?"

"माहं. त्यांनी पहिलेच सांगून टाकलं. माहं पहिले."

"अन् पैसे?"

"कायचे पैसे, बा?"

समोर बिसनाबाई चटणी-भाकर खाऊन राहिली होती, हातावर चिखल वाळलेला. ती बी तेच म्हणली होती ना, कोणाले पैसे देऊ नका. मी एकदा तिच्याकडं पाहिलं, एकदा त्या फोनकडं. घरी गेलो, साऱ्यांसाठी चहा मांडला, अन् चुलीजवळ बसून तुले म्हणलं, "बरं, जिंकली तू." जोरात म्हणलं. गाईनं कान टवकारले.

म्हणजे अर्धी जिंकली. ते आपल्या वावरात अजून आलेले नाहीत. अर्धी बाजी माह्याकडं आहे.

आता उत्तराचं. बिसनाबाईच्या बांधीत रोवणा निघाला तवा मी अन् प्रज्ञा दोघं बी गेलो. बिसनाबाईनं मले नाही म्हणून पाहिलं, "बुढ्या माणसा, तुमी कायले चिखलात येता, पडसान तर तुमालेच रोवा लागन." बायांमधी हासा पिकला. मी जुड्या फेकाले उभा राहिलो. गुडघे बोंबलत होते, पण बरं वाटलं. तू गेल्यापासून पहिल्यांदा भूक लागली. बिसनाबाईनं वाढलं, अन् मी मागून खाल्लं.

घरी येता येता तलावाच्या पाळीवर प्रज्ञा म्हणली, "बा, मी त्यांना उद्या कळवून टाकतो. दुसरा माणूस पाहा म्हणून."

मी म्हणलं, "कळव. पण एक सांग. बिसनाच्या बांधीतली फेड तर आज झाली. मिक्कोच्या बांधीत कोण जाईन? मी जाऊ?"

ती उभी राहिली.

"त्या जपानच्या बाईनं आपलं काम सोडून तुह्या कोंबडीजवळ राखण केली. तिच्या घरी कधी काही झालं तर तिची बारी कोण धरन? भंडाऱ्याच्या कॉलेजातून धरशीन? तुही माय दोनदा मीठ टाकलेली भाजी खाऊ घालून बी साऱ्यांच्या वावरात गेली. तू फुकटात खाऊन बसशीन का?"

"पण तुमी एकटे..."

"मी कुठी एकटा? तुह्या मायशी भांडण चालू हाय माहं."

तेव्हा ती हासली. आल्यापासून पहिल्यांदा. मंग तिथंच पाळीवर बसून इतकी रडली का मले वाटलं चुकलो काय मी. नाही चुकलो. रडून झाल्यावर तिनं तलावातच तोंड धुतलं अन् म्हणली, "दुपारचा फोन रोज उचलाचा. बारी असो का नसो."

म्हणलं, "ते तुह्या मायले विचारून सांगतो."

ती गेली. साकोलीवरून बसमंधी बसवून दिली, बिसनाबाई बी आली होती. तुझ्या हातच्या मिरच्यांची उरलेली चटणी दिली आहे, अन् आपल्याच धानाचे पोहे. त्यांनी इर्जिक केली, तर जेवण घालणं आपल्याकडं लागते. इतक्या लंबून दुसरं काय घालता येते?

आता दुपारी मी फोन लोट्याले टेकवतो अन् जेवतो. ते पाहतेत. भात माह्या हातचा असते, कधी चिखल होते कधी दगड. काल मिक्कोनं प्रज्ञाले विचाराले लावलं का वावर कसं आहे. मी फोन उचलून बांधीवर घेऊन गेलो, धुऱ्यावर उभं राहून दाखवलं. धानानं मूळ धरलं आहे, हिरवा काळपट झाला आहे. त्यानं तो वाकडा पट्टा पाहिला, विचारलं हे असं काहून. प्रज्ञानंच सांगतलं, तिथं माही माय उभी राहत होती.

तो थांबला. मी आता ओळखतो, फोन अटकत नाही, तो तसाच आहे. मंग म्हणला का पुढच्या रोवण्याले सुटी मांडून ठेवली आहे. तुमच्या पत्नीनं बोलावलं होतं.

मी म्हणलं, पाहू. तू तिकडं "येतीन" म्हणून राहिली, मी इकडं "पाहू" म्हणून राहिलो. भांडण आहे तिथंच आहे. पण तुले म्हणून सांगतो, या टायमाले मले हारलेलं चालते.

म्हणूनच आज सकाळी बिसनाबाईकडं गेलो. म्हणलं, पुढच्या रोवण्यात तुह्या अन् प्रज्ञाच्या मधात एक जागा ठेवजो.

"कोणासाठी?"

"फिनलंडचा माणूस हाय. लंबा हाय."

ती सूप खाली ठेवून माह्याकडं पाहाले लागली. म्हणली, "तिच्या जागेवर? त्याले वाकता येते का?"

म्हणलं, "तिनं बोलावलं हाय. वाकन."